वाचकांचे प्रश्न : ‘डॅडी गोइंग’मधले ‘इज’ कुठे गेले?

इंग्रजी ही पहिली भाषा म्हणून शिकणाऱ्या लहान मुलांच्या क्रियापदांविषयी या वेळी इतकी पत्रे आली आहेत, की हा सगळा अंक त्याच विषयाला देत आहे. सगळ्या पत्रांच्या मुळाशी सहायक क्रियापदे आहेत. बी, डू, हॅव आणि कॅन, विल, मस्ट यांसारखे हे छोटे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी उभे राहतात. नकार यांनाच चिकटतो, प्रश्न विचारताना हेच कर्त्याच्या पुढे उडी मारतात, आणि ‘यस, आय डू’सारख्या तुटक उत्तरात सगळ्या वाक्याचा भार हेच वाहतात. मराठी प्रश्नाला वाक्याची रचना मोडावी लागत नाही. ‘तो खेळतो आहे’ या वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न होतो. इंग्रजी मुलाला मात्र शब्दांची जागाच बदलावी लागते, आणि पुढील बहुतेक प्रश्न त्या कष्टाशी निगडित आहेत.

माझी नात सव्वादोन वर्षांची आहे. तिच्या घरात इंग्रजीच बोलली जाते. ती ‘डॅडी गोइंग’, ‘डॉगी स्लीपिंग’ असे बोलते. ‘-इंग’ चोख येते, पण ‘इज’ कधीच येत नाही. आम्ही शाळेत ही दोन्ही रूपे एकत्र शिकलो, त्यामुळे मला हे विचित्र वाटते. तिच्या ऐकण्यात किंवा समजण्यात काही उणीव आहे का?

नाही. इंग्रजी घरांतली मुले ज्या क्रमाने बोलायला शिकतात, त्याच क्रमाने तुमची नात शिकत आहे. शालेय व्याकरणात ‘इज गोइंग’ हे तक्त्याच्या एका घरात बसणारे एकच रूप असते, पण मुलाच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यात बऱ्याच महिन्यांचे अंतर पडते.

हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन आणि त्यांचे सहकारी १९६०च्या दशकात तीन मुलांच्या घरी नियमितपणे जाऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करत असत. अभ्यासात त्या मुलांना अ‍ॅडम, ईव्ह आणि सारा अशी टोपणनावे दिलेली आहेत. त्या नोंदींवरून ब्राउन यांनी १९७३ मध्ये इंग्रजीतील १४ व्याकरणिक घटकांचा शिकण्याचा क्रम मांडला. एखादा घटक जिथे यायलाच हवा अशा दर १०० जागांपैकी ९० जागी मूल तो सातत्याने वापरू लागले, की तो आत्मसात झाला असे त्यांनी मानले. या क्रमात ‘-इंग’ पहिले आहे, आणि ‘हीज गोइंग’मधले आखडलेले ‘इज’ चौदावे, म्हणजे शेवटचे आहे. जिथे हे ‘इज’ आखडता येत नाही, उदाहरणार्थ ‘हू इज गोइंग?’ला ‘ही इज’ असे उत्तर देताना, तिथे ते थोडे आधी, बाराव्या क्रमांकावर येते. शाळेने एकत्र बांधलेली ही जोडी मुलाच्या बोलण्यात यादीच्या दोन टोकांना सापडते.

याचे एक कारण आपल्याच बोलण्यात ऐकू येते. आपण ‘तो जात आहे’ असे लिहितो, पण बोलताना ‘तो जातोय’ म्हणतो, आणि त्यात ‘आहे’ विरघळून त्याचा केवळ एक ‘य’ उरतो. इंग्रजीतल्या ‘इज’चेही तसेच होते. स्वर गळतो, आघात नाहीसा होतो आणि ‘ही’ला चिकटलेला एक निसटता ध्वनी शिल्लक राहतो. फरक असा, की मराठीतला तो ‘य’ बहुधा वाक्याच्या शेवटी, म्हणजे कान जिथे विसावतो तिथे येतो, आणि इंग्रजीतला ध्वनी दोन ठळक शब्दांच्या मध्ये चिणला जातो. ‘-इंग’चे तसे नाही. ते पूर्ण अक्षर आहे, शब्दाच्या शेवटी येते आणि आता काही घडत आहे हा अर्थ थेट सांगते. ‘इज’ने त्या अर्थात घातलेली भर मुलाला सहज जाणवण्याजोगी नसते.

एखादे रूप कानावर जितके जास्त पडेल तितके ते लवकर येईल, असे आपल्याला वाटते. ब्राउन यांनी आईवडिलांच्या बोलण्यात हे १४ घटक किती वेळा येतात तेही मोजून पाहिले, आणि वारंवारितेवरून हा क्रम उलगडत नाही असे त्यांना दिसले. वयावरूनही तो ठरत नाही. ईव्हच्या नोंदी ती १८ महिन्यांची असताना सुरू झाल्या आणि २७ महिन्यांची असताना थांबल्या. अ‍ॅडम आणि सारा यांच्या नोंदी सुरू झाल्या तेव्हा ती दोघे २७ महिन्यांचीच होती, आणि तरी त्या वयाची ईव्ह त्यांच्यापेक्षा पुष्कळ पुढे होती. म्हणून नातीची तुलना शेजारच्या मुलाशी करू नका. गेल्या महिन्यातल्या तिच्याच बोलण्याशी तुलना करून पाहा.

माझ्या मुलाने दोन वर्षांचा होताच ‘आय डोन्ट वॉन्ट’ आणि ‘आय कान्ट’ अगदी बिनचूक म्हणायला सुरुवात केली. आता तो तीन वर्षांचा आहे आणि ‘डिड आय ब्रोक इट?’, ‘डझ ही गोज?’ असे चुकीचे बोलतो. आधी येत असलेले तो विसरला का?

तो काहीही विसरलेला नाही. आधी जे बरोबर वाटत होते त्यामागे नियम नव्हता, आणि आता जे चूक वाटते त्यामागे नियम आहे.

मुलांच्या नकाराचा बारकाईने अभ्यास करणारे एडवर्ड क्लिमा आणि अर्सुला बेलुगी यांनी १९६६ मध्ये एक लक्षणीय गोष्ट नोंदवली. ज्या काळात मुले ‘डोन्ट’ आणि ‘कान्ट’ वापरू लागतात, त्या काळात त्यांच्या बोलण्यात ‘डू’ आणि ‘कॅन’ ही सहायक क्रियापदे म्हणून आढळतच नाहीत. म्हणजे मुलाने ‘डू’ला ‘नॉट’ जोडून ‘डोन्ट’ तयार केलेले नसते. ‘डोन्ट’ हा त्याच्यासाठी एक अखंड शब्द असतो, साधारणपणे आपल्या ‘नको’सारखा. इथेही आघाताचा भाग आहे. ‘आय कॅन गो’मधले ‘कॅन’ बोलताना दबून जाते, पण ‘आय कान्ट गो’मधल्या ‘कान्ट’वर जोर पडतो आणि ते स्पष्ट ऐकू येते. शिवाय नकार सांगणारे हे शब्द मुलाला लवकर हवे असतात, हेही खरेच.

पुढे मुलाला उमगते, की ‘डोन्ट’, ‘डझन्ट’, ‘डिडन्ट’, ‘डू यू’, ‘डिड ही’ या सगळ्यांमध्ये एकच शब्द लपलेला आहे. इथून त्याचे काम कठीण होते, कारण या ‘डू’ला स्वतःचा अर्थच नाही. ‘डू यू लाइक इट?’मध्ये ‘डू’ कोणतीही क्रिया सांगत नाही. प्रश्नाला पुढे ढकलण्यासाठी दुसरे सहायक क्रियापद नसले, की इंग्रजी हा टेकू लावते. काळाची खूण तो मुख्य क्रियापदाकडून स्वतःकडे घेतो, आणि मग मुख्य क्रियापदाने ती सोडून द्यायची असते. ‘ब्रोक’चे ‘डिड ... ब्रेक’ होते. तुमचा मुलगा यातला पहिला अर्धा भाग शिकला आहे. भूतकाळ ‘डिड’वर ठेवायला हवा हे त्याला कळले आहे, ‘ब्रोक’वरून तो काढून घ्यायला हवा हे अजून पक्के झालेले नाही. ‘व्हॉट डू यू डोन्ट लाइक?’ असे प्रश्न याच प्रवृत्तीतून येतात. सहायक क्रियापद प्रश्नाच्या जागी आणले जाते, पण नकाराच्या जागी असलेले हलत नाही.

कॅरिन स्ट्रॉम्सवोल्ड यांनी १९९० मध्ये १४ मुलांच्या संभाषणांच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या निष्कर्षांतला जो भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो, तो असा : मुले मुख्य क्रियापद म्हणून येणाऱ्या ‘डू’चे ‘डूड’ आणि ‘हॅव’चे ‘हॅव्ड’ करतात, पण तेच शब्द सहायक म्हणून आले, की अशी चूक जवळजवळ कधीच करत नाहीत. शब्द तोच आणि ध्वनीही तोच असताना, त्याची दोन कामे वेगळी आहेत हे त्या वयातही त्यांना कळत असते. त्या दोघांमधला भेद शब्दांत सांगायला मोठ्यांनाही व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागते.

मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी आहे. मूल प्रश्नाची रचना नियम म्हणून शिकते, की ऐकलेल्या तुकड्यांची जुळवाजुळव करते? दोन्ही बाजूंची मते वाचून माझा गोंधळ उडाला आहे.

गोंधळ उडावा असाच हा वाद आहे, कारण दोन्ही बाजूंकडे खरा पुरावा आहे.

नियमाच्या बाजूचे प्रसिद्ध उदाहरण नोम चॉम्स्की यांच्या युक्तिवादातून आले. ‘द बॉय हू इज क्राइंग इज टायर्ड’ या वाक्यात दोन ‘इज’ आहेत. मूल जर केवळ शब्द मोजून पहिले ‘इज’ पुढे आणत असेल, तर ‘इज द बॉय हू क्राइंग इज टायर्ड?’ असा मोडका प्रश्न तयार होईल. बरोबर प्रश्नासाठी वाक्याची घडण कळावी लागते, म्हणजे ‘हू इज क्राइंग’ हा कर्त्याच्या आत दडलेला भाग आहे आणि हलवायचे ‘इज’ त्याच्या बाहेरचे आहे, हे ओळखावे लागते. स्टीफन क्रेन आणि मिनेहारू नाकायामा यांनी १९८७ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एका बाहुल्याला असे प्रश्न विचारायला लावले. मुले चुकली, पण तो मोडका प्रश्न त्यांच्या तोंडून आला नाही. त्यांच्या बऱ्याच चुका ‘इज द बॉय हू इज क्राइंग इज टायर्ड?’ अशा धाटणीच्या होत्या. सहायक क्रियापद त्यांनी बरोबर जागी आणले होते, फक्त जुन्या जागेवरून उचलले नव्हते. ‘डिड आय ब्रोक’शी याचे नाते उघड आहे. पुढे २००८ मध्ये बेन अँब्रिज, कॅरोलाइन रोलंड आणि ज्युलियन पाइन यांनी वेगळी वाक्ये घेऊन प्रयोग केला, तेव्हा मोडक्या प्रकारचे प्रश्नही थोड्या प्रमाणात आढळले. त्यामुळे हा पुरावा पूर्वी वाटला तितका निर्णायक राहिलेला नाही.

तुकड्यांच्या बाजूने रोलंड आणि पाइन यांचाच २००० सालचा अभ्यास पाहावा. त्यांनी अ‍ॅडमच्या नोंदी पुन्हा वाचल्या. प्रश्नार्थक शब्द आणि सहायक क्रियापद यांच्या ज्या जोड्या त्याच्या आईच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येत होत्या, त्या अ‍ॅडम बरोबर वापरत होता. ज्या क्वचित येत होत्या, त्यांच्याबाबत तो ‘व्हाय ही कान्ट गो?’ या प्रकारची, जागा न बदललेली वाक्ये बोलत होता. एकच सर्वसाधारण नियम हाती आला असता, तर सगळ्या जोड्या एकदम सुधारायला हव्या होत्या.

माझे मत विचाराल, तर सुरुवात तुकड्यांनी होते असे मानल्याशिवाय ‘डोन्ट’ आधी आणि ‘डू’ नंतर का येते याचा खुलासा होत नाही, आणि पुढे नियम घडतो असे मानल्याशिवाय ‘डिड आय ब्रोक’ कुठून आले ते कळत नाही, कारण तसे वाक्य मुलाला कोणी मोठ्या माणसाने ऐकवलेले नसते. तुम्ही प्रबंधासाठी विषय शोधत असाल, तर तुकड्यापासून नियमापर्यंतचे हे वळण एकाच मुलाच्या दाट नोंदींमध्ये तपासा. महिन्यातून दोन तासांच्या नोंदींमध्ये ते निसटून जाते.

मुलीच्या अशा चुका लगेच दुरुस्त कराव्यात का? मी प्रत्येक वेळी बरोबर वाक्य म्हणून दाखवते आणि तिला ते पुन्हा म्हणायला लावते. त्याने ती चिडते.

ताई, पुन्हा म्हणायला लावणे सोडून द्या. या विषयात एक संभाषण फार प्रसिद्ध आहे. डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये ते नोंदवले. मूल म्हणते, ‘नोबडी डोन्ट लाइक मी.’ आई ते दुरुस्त करून ‘नोबडी लाइक्स मी’ असे म्हणायला सांगते. हा प्रकार आठ वेळा घडतो आणि आठही वेळा मूल आपलेच वाक्य म्हणते. शेवटी आई त्याला नीट लक्ष देऊन ऐकायला सांगते. मुलाचा चेहरा उजळतो आणि ते म्हणते, ‘ओह! नोबडी डोन्ट लाइक्स मी.’ मुलाने प्रामाणिकपणे ऐकले आणि त्याला जो फरक ऐकू आला तो उचललाही. फक्त तो आईने दाखवलेला फरक नव्हता. मला या संभाषणात आणखी एक गोष्ट खटकते. आपण कोणालाच आवडत नाही असे ते मूल सांगत होते, आणि त्याला उत्तर मिळाले ते व्याकरणाचे.

याउलट, मूल जे म्हणाले तेच पूर्ण आणि थोडे वाढवून परत म्हटले तर त्याचा उपयोग होतो. कीथ नेल्सन यांनी १९७७ मध्ये सुमारे अडीच वर्षांच्या मुलांशी अशा रीतीने संवाद साधला. काही मुलांची वाक्ये नव्या धाटणीच्या प्रश्नांत बदलून परत म्हटली गेली, काहींची वाक्ये नव्या क्रियापद-रचनांत, आणि प्रत्येक गट आपल्याला ऐकवलेल्या रचनेतच पुढे गेला. तुमच्या मुलीने ‘डॉगी स्लीपिंग’ म्हटले, तर ‘यस, ही इज स्लीपिंग. इज ही टायर्ड?’ असे उत्तर द्या. यात ‘इज’ दोन वेगळ्या जागी आणि न आखडता ऐकू येते.

त्या उत्तरात मी प्रश्नही मुद्दाम घातला आहे. एलिसा न्यूपोर्ट, हेन्री ग्लाइटमन आणि लिला ग्लाइटमन यांनी १९७७ मध्ये १५ आया आणि त्यांच्या मुली यांच्या बोलण्याची सहा महिन्यांच्या अंतराने तुलना केली. ज्या आया ‘हो किंवा नाही’ असे उत्तर मागणारे प्रश्न जास्त विचारत होत्या, त्यांच्या मुलींच्या सहायक क्रियापदांची वाढ अधिक वेगाने झाली होती. ज्या आया आज्ञार्थी वाक्ये जास्त वापरत होत्या, त्यांच्या मुलींच्या बाबतीत नेमके उलट दिसले. त्या अभ्यासाच्या काही निष्कर्षांवर पुढे वाद झाले, पण या निष्कर्षामागचे कारण पटण्यासारखे आहे. प्रश्नाच्या आरंभी सहायक क्रियापद ठळकपणे आणि पूर्ण उच्चारले जाते, आणि ‘सिट डाउन’, ‘कम हिअर’ यांत ते नसतेच.

मात्र केवळ प्रश्नांचा मारा करू नये, असे मी आवर्जून सांगेन. ‘कॅन ही गो?’, ‘डझ ही गो?’ या प्रश्नांच्या शेवटी ‘ही गो’ असा तुकडा असतो, आणि मुलांच्या स्मरणात वाक्याचा शेवट चांगला राहतो. अ‍ॅना थीकस्टन, एलेना लिव्हन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००३ मध्ये मुलांना नवी, बनावट क्रियापदे ऐकवून पाहिली. ज्या मुलांना ती केवळ प्रश्नांत ऐकवली गेली, त्यांनी विधान करताना क्रियापदाला लागणारा ‘स’ अधिक वेळा गाळला. म्हणून प्रश्न विचारा, आणि त्याचे उत्तरही पूर्ण वाक्यात मुलीच्या कानावर पडू द्या.

‘हॅव’ इतके उशिरा का येते? माझा साडेतीन वर्षांचा भाचा ‘आय हॅव सीन’ असे कधीच म्हणत नाही.

तो कोणती इंग्रजी ऐकतो यावर ते बरेच अवलंबून आहे. व्हर्जिनिया गॅदरकोल यांनी १९८६ मध्ये स्कॉटलंडमधील आणि अमेरिकेतील मुलांची तुलना केली, तेव्हा स्कॉटिश मुले ही रचना पुष्कळ आधी वापरताना दिसली. स्कॉटलंडमधील मोठी माणसे मुलांशी बोलताना ती अधिक वापरतात. अमेरिकन बोलण्यात त्याच जागी पुष्कळदा साधा भूतकाळ चालतो. शिवाय ‘हॅव’ आखडून केवळ ‘व्ह’ उरते, आणि ‘शुड हॅव’ तर इतके ‘शुड ऑफ’सारखे ऐकू येते, की मोठी मुले, कधी प्रौढही, ते तसेच लिहितात.

कोणत्या वयानंतर काळजी करावी? आमच्या घरात दोन भाषा आहेत, म्हणून प्रश्न अधिक अवघड वाटतो.

केवळ इंग्रजी ऐकणारी बहुतेक मुले चार वर्षांच्या आसपास ही रूपे बऱ्यापैकी सातत्याने वापरू लागतात. मेबल राइस आणि केनेथ वेक्सलर यांनी १९९६ मध्ये दाखवले, की भाषेच्या विकासात विशिष्ट अडचण असलेली पाच वर्षांची मुले ‘इज’, ‘डझ’ आणि काळाचे प्रत्यय त्यांच्याहून लहान, पण तेवढ्याच लांबीची वाक्ये बोलणाऱ्या मुलांपेक्षाही जास्त वेळा गाळतात. या अडचणीला आता विकासात्मक भाषा-विकार म्हणतात आणि तो साधारण ७ टक्के मुलांमध्ये आढळतो. पाच वर्षांचे मूल अजूनही वारंवार ही रूपे गाळत असेल, तर वाक्‌-भाषा तज्ज्ञांना दाखवावे. वाक्येच जुळत नसतील किंवा सांगितलेले समजत नसेल, तर त्या वयाची वाट पाहू नये.

दोन भाषांच्या घरात मुलाचा ऐकण्याचा वेळ विभागला जातो, त्यामुळे इंग्रजीतली ही रूपे थोडी उशिरा येणे स्वाभाविक आहे. खरा विकार दोन्ही भाषांमध्ये जाणवतो, म्हणून तपासणीही दोन्ही भाषांमध्ये व्हायला हवी. दुसरी भाषा बंद करण्याची गरज नाही.

आणखी एक सावधगिरी हवी. आफ्रिकन अमेरिकन इंग्रजीत ‘ही सिक’, ‘शी गोइंग’ ही वाक्ये मोठी माणसेही बोलतात. विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ मध्ये दाखवले, की प्रमाण इंग्रजीत जिथे ‘इज’ आखडता येते तिथेच या बोलीत ते गाळता येते, आणि जिथे आखडता येत नाही तिथे गाळताही येत नाही. ही शिस्तबद्ध बोली आहे. त्या घरातल्या मुलाने तसे बोलणे म्हणजे त्याने आपल्या घरची भाषा नीट शिकणे आहे.

माझी चार वर्षांची मुलगी ‘आय अ‍ॅमन्ट’ म्हणते. असा शब्द इंग्रजीत आहे का?

आहे. ‘इज’चे ‘इझन्ट’ आणि ‘आर’चे ‘आरन्ट’ होते, तर ‘अ‍ॅम’चे ‘अ‍ॅमन्ट’ व्हायला हवे, असा तिने हिशेब मांडला आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये मोठी माणसेही हा शब्द सर्रास वापरतात. इतरत्र प्रमाण इंग्रजीने ती जागा रिकामी ठेवली आहे, आणि प्रश्नात तिथे ‘आरन्ट आय?’ असे विसंगत रूप उसने आणले आहे. तिला ‘यू आर नॉट?’ असे विचारा आणि ती काय सांगत होती ते पुढे ऐका. आजूबाजूला कोणी ‘अ‍ॅमन्ट’ म्हणत नसेल, तर काही काळाने तीही ‘आयम नॉट’ म्हणू लागेल.